आईने सोडलेले मासे

अंधेरी, ९ डिसेंबर १९६८

चि. मालन हिस दादाचे आशीर्वाद.

मी खाऊनपिऊन बरा आहे. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

दिवाळीनंतर सरावात उडी मारून उतरताना माझा गुडघा फिरला. डॉक्टर म्हणाले, बास्केटबॉल विसरा. कंपनीने खेळाडू म्हणून नोकरी दिली होती, तरी काढलं नाही; स्टोअरमध्ये बसवलंय. माझी सात नंबरची जर्सी दुसऱ्याला दिली. चांगला खेळतो, त्याचाच जास्त राग येतो.

पण आईचं काय करू गं? मी महाराष्ट्राकडून खेळेपर्यंत मासे खाणार नाही, असं ती देवीला बोलली त्याला चार वर्षं झाली. तुम्हाला बांगडे तळून वाढते आणि स्वतः डाळभात जेवते. आता काय जन्मभर? खोटं बोलल्याचं पाप लागलं तर मला लागू दे.

तुझा खोकला गेला का?

आईला एवढंच मोठ्याने वाच:

आई, मी महाराष्ट्राकडून खेळलो. आपण जिंकलो. देवीला नारळ दे आणि आज तुझ्याही पानात बांगडा वाढून घे.

तुझा रघुवीर