दिलीपकाकांसाठी मत मागताना

१९ जानेवारी
पंचायत समितीचं तिकीट दिलीपकाकांना. तालुका कार्यालयात पेढे वाटले. मी एक घेतला, खाल्लाही.
माझ्या मैत्रिणीचे, वैष्णवीचे वडील. आम्ही दोघी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी तिचं कॉलेज सोडवून लग्न लावलं. मी समजवायला गेले होते, तर काका म्हणाले, "तुह्या घरच्यायनं तुले शिकवलं, चांगलं केलं. आमचं आमी पाहून घेऊ."
आणि आमच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात पहिलं कलम मुलींच्या शिक्षणाचं.
तालुकाध्यक्षांना हे बोलले. ते हसले. "पोरी, बिनदोष मानूस शोधत बसलो ना, तर फॉर्म भराची तारीख निघून जाईन."

२१ जाने.
समोरचा उमेदवार उघड सांगतो, निवडून आलो की अभ्यासिकेची खोली खताच्या दुकानाला भाड्यानं देतो. पं.स.ची जुनी खोली. बावीस मुली बसतात. त्यातल्या कित्येकींना घरी स्वतःचा कोपराही नाही.
काका म्हणतात, खोली राहील. एवढ्यापुरता त्यांचा शब्द खरा वाटतो. खोलीचं छत गळत होतं तेव्हा पत्रे टाकायला स्वतः वर चढले होते.
प्रचाराला फिरायचं ठरवलं. आनंद नाही.

२४ जाने.
पत्रक लिहून दिलं. 'अभ्यासिकेची खोली मुलींचीच राहील' हे लिहिताना काही अडलं नाही. "मुलींच्या शिक्षणासाठी झटणारे, असं टाक ना," काका म्हणाले. नाही टाकलं.

२७ जाने.
छापून आलं. 'झटणारे' ही ओळ आहेच. सगळ्यात वर, लाल अक्षरात. खाली कार्यकर्त्यांची नावं, माझं पहिलं, पदवीसकट. तालुकाध्यक्ष म्हणे, वर जागा रिकामी दिसत होती.
बाबांनी एक पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. त्यांना वाचता येतं ते माझं नाव तेवढं.
मग काय. वाटली पत्रकं.

३१ जाने.
बायका दिवसभर तुरीच्या शेतात, म्हणून दिवेलागणीला फिरतो. शेजारच्या शांतामावशी म्हणाल्या, "तू सांगतं म्हनून देतो वं मत. त्याच्या तोंडाकडं पाहून नाही."
आईनं घरी वेगळंच ऐकवलं. "ज्यानं सोताच्या पोरीले घरी बसवलं, त्याच्यासाठी पाय झिजवून राह्यली? अन् आमी म्हनतो, पोरगी शिकली."
अभ्यासिकेचं सांगितलं. ती ऐकत होती की भाकरी थापत होती, कळलं नाही. पाय दुखतात. भाषणाचं उद्या लिहीन.

४ फेब्रुवारी
मतदान झालं. मी बूथपासून लांब, टेबलावर चिठ्ठ्या देत होते. वैष्णवी आली, पुण्याहून. नाव अजून इथल्याच यादीत. कडेवर मुलगा.
"पत्रक वाचलं. व्हॉट्सअॅपवर आलं होतं. चांगलं लिहितं तू."
ती ओळ माझी नाही, असं म्हणणार होते. नाव तर माझंच आहे.
मग तिनं विचारलं, "अभ्यासिकेत लग्न झालेल्या बसतात का?"
"बसतात."
"मले पदवी पुरी कराची हाय. दोन वर्षं इथंच राहीन म्हनते. सासरचे तयार हायेत. बाबाच नाही म्हनून राह्यले. लोक म्हनतील, नवऱ्यानं सोडली."
चिठ्ठी घेतली. जाताना, "तू विचार त्यायले. आता तुहं काम पडलं ना त्यायले."
मत कोणाला दिलं, विचारलं नाही.

५ फेब्रु.
उद्या मंगरूळपीरला मोजणी. आधी वाटलं, निकालानंतर विचारावं. पण जिंकले तर गुलालात कोण ऐकणार, अन् हरले तर विचारायचं तरी कसं? आजच काकांकडे गेले.
ओसरीवर माणसं उद्याच्या गाड्या ठरवत होती. सगळ्यांसमोर विचारलं. वैष्णवीला राहू द्या, शिकू द्या.
मग काका, "हे कार्यकर्ती म्हनून विचारून राह्यली का मैत्रीण म्हनून?"
"पत्रकावर माह्यं नाव हाय म्हनून."
एक जण हसला. बाकीचे हसले नाहीत.
"उद्या निकाल तं लागू दे."
"तिची गाडी सकाळी सातची हाय, काका."
ते मोबाईलमध्ये बघत बसले. मी उठले नाही. वैष्णवीनं आतून प्रवासाची बॅग आणून दाराशी ठेवली. थोड्या वेळानं काकू आल्या, कोणाकडे न बघता बॅग उचलून आत घेऊन गेल्या. काकांनी ते पाहिलं. मग परत उद्याच्या गाड्या ठरवायला लागले.