बैल, पांढरा, एक

गुरांचा दवाखाना, खैरवड
१२ जानेवारी १९३८

तीर्थरूप सुकदेवनानांच्या चरणी,

पुतण्या लीलाधरचा साष्टांग नमस्कार. असोद्यास सर्व मंडळी खुशाल असतील. तुमचा गुडघा कसा आहे? मी धाडलेले तेल चोळता ना? (ते घोड्यांचे आहे, बाटलीवर तसे लिहिलेही आहे, पण घाबरू नये.) तानूकाकींचा खोकला एव्हाना गेला असेल. माझी प्रकृती उत्तम, डोके मात्र ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण आमचे खाते.

दवाखान्याला एक चांगला वळू मिळावा म्हणून मी दोन वर्षे अर्ज करीत होतो. इकडच्या सात गावांत वासरे जन्मतात ती शेळीएवढी. अखेर मंजुरी आली, पण त्याच सुमारास जळगावच्या आमच्या कचेरीत नवे हिशेबी साहेबही आले. सुधारणावाले. त्यांचा हुकूम असा, की यापुढे टाचणीसुद्धा घ्यायची तर तीन बंद लिफाफ्यांत टेंडरे मागवायची, आणि ज्याचा भाव सर्वांत कमी त्याचाच माल घ्यायचा. हुकूम वाचून मी (मूर्ख!) चक्क खूश झालो. कारण आजवर आमचे हेडक्लार्क गिरधरराव यांच्या साडूच्या दुकानाबाहेर खात्याने काही विकत घेतलेले मला आठवत नाही.

वळू कसा हवा ते मी सव्वा पान लिहून पाठवले. वय, उंची, खांदा, त्याच्या आईचे दूध, सगळे. गिरधररावांच्या छापील फॉर्मात मालाच्या वर्णनाला बोटभर जागा. त्यांनी तिथे लिहिले, 'बैल, पांढरा, एक.' टेंडरे आली ती एकशे ऐंशी, एकशे साठ आणि पासष्ट रुपयांची. पासष्टवाला कोण? तर खात्याला दौती आणि कंदील पुरवणारा लोटन कंत्राटदार!

पोळा झाल्यावर लोटनचा माणूस जनावर घेऊन आला. गावाने ढोल लावला. मंजुळाबाई म्हणून इथे एक विधवा बाई आहेत, दोन गाईंवर संसार चालवतात. त्या दोन्ही गाई घेऊन आल्या होत्या, त्या ओवाळायला पुढे झाल्या. ओवाळता ओवाळता जरा खाली वाकल्या, आणि ताट माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "लीलाधरभाऊ, हाऊ ते बैल शे! याले आउतले जुपा. मन्या गाया मी घर लई जास."

ढोलवालासुद्धा हसला, नाना. जनावर खच्ची केलेले, वर म्हातारे, तोंडात धड दात नाहीत. दहा वर्षांच्या नोकरीत माझी अशी शोभा कधी झाली नव्हती.

मी पावतीवर सही केली नाही. वळू नव्हे, बैल आला, असे कळवले. उत्तर आले, 'जनावर पांढरे आहे काय? संख्येने एक आहे काय? असल्यास सहीस हरकत कोणती?' मी हरकत तपशीलवार लिहिली. तिच्यावर शेरा पडला, 'भाषा असभ्य.' (आता त्या बाबतीत सभ्य भाषा कुठून आणू?) तीन महिन्यांनी छापील तक्ता आला: 'वळूपासून झालेली वासरे.' गाईला नऊ महिने लागतात हेही यांना ठाऊक नाही! मी शून्य लिहिले. लगेच मेमो, 'शून्याचा खुलासा करावा, अन्यथा पगारवाढ रोखली जाईल.' ती वाढ धरून मी हे गळके बिऱ्हाड सोडणार होतो.

मग माझे पित्त खवळले. बैलाचे दावे सोडले आणि दहा कोस पायी जळगाव गाठले. कचेरीच्या पायरीशी त्याला उभा केला. शिपाई आडवा आला, तो गलका ऐकून साहेबच बाहेर आले. तरुण, चष्मेवाले, पुण्याकडचे.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"साहेब, हा आपला वळू. शून्याचा खुलासा करायला याला घेऊन आलोय."

साहेबांनी बैलाभोवती एक फेरी मारली आणि ते कानापर्यंत लाल झाले. गिरधररावांना हाक गेली. ते धावत येऊन म्हणाले, "पण साहेब, पंच्याण्णव रुपये वाचले! आपण वर कळवलेसुद्धा!"

साहेबांनी बैलाचे तोंड उघडून आत पाहिले. मग म्हणाले, "चूक माझी. मी भाव पाहिला, माल पाहिला नाही." साहेबाच्या तोंडून 'चूक माझी' ऐकून शिपाई, गिरधरराव आणि मी, तिघेही घाबरलो.

निकाल असा लागला: बैल खात्याच्या पाण्याच्या गाडीला गेला, लोटनचे बिल अडवले, मेमो साहेबांनी माझ्यादेखत फाडला. वळूची फेरमंजुरी मिळाली असून जनावर मीच पारखायचे आहे. मी साहेबांना ठणकावून सांगितले, की वशिला, ओळखपाळख, संगनमत हे माझ्या हातून होणार नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला. माझे डोळे भरून आले.

काकींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
लीलाधर

ता. क. पारखायला निघालो तर उभ्या मुलखात नजरेत भरेल असा गोऱ्हा एकच, तुमच्या गोठ्यातला. तरी टेंडर भरावे. लिफाफे मात्र तीन लागतात, ही अट साहेबांनी ठेवलीच आहे. म्हणून दुसरे टेंडर तानूकाकींच्या नावे आणि तिसरे शेजारच्या रुपचंदभाऊंच्या नावे, तुमच्यापेक्षा वीस-पंचवीस रुपये चढे, असे भरावे. काकींचा अंगठा चालेल.

दुसरा ता. क. तिन्ही लिफाफे एकाच टपालपेटीत टाकू नयेत. एक असोद्यास, एक नशिराबादेस, एक जळगावास टाकावा. गाडीभाडे पडेल खरे, पण नाना, सचोटीला थोडा खर्च येतोच.