पंख्यातल्या अक्षता

धायरी, पुणे
२७ ऑक्टोबर २०२५

चि. शेफालीस,

आशीर्वाद. दिवाळीचे देऊन झालेत, तरी हे वरचे ठेव.

इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला आहे तसाच आहे, चकल्या चौथ्याच दिवशी मऊ पडल्या आणि सोसायटीत टँकरवरून भांडणं नेहमीसारखी चालू आहेत.

धायरीहून कात्रजला पत्र धाडणारी पुण्यात मी एकटीच उरले असेन. "काय हे ताई, फोन कर ना," म्हणशील. केला असता गं, पण फोन करते मी आणि बोलतेस तू. परवाही तेच झालं. "अण्णांचे कान तूच भरलेस," म्हणालीस आणि ठेवलास. माझं म्हणणं माझ्याच घशात राहिलं. कागदावर निदान मध्येच कोणी बोलत नाही.

पाडव्याला तू अण्णांसाठी नवा कोरा लॅपटॉप घेऊन नवी पेठेत गेलीस. त्यांनी खोकंसुद्धा उघडलं नाही. "माझा फॉन्ट त्यात नाही, परत ने," म्हणाले. आणि हे त्यांना मी पढवलं, असं तुझं म्हणणं. अगं, आपला जो बाप पंचाऐंशीव्या वर्षी पेपरात पत्रं लिहून अख्ख्या महापालिकेला फुटपाथ कसे बांधावेत ते शिकवतो, त्याला मी काय पढवणार? त्यांची ती पत्रं जुन्या फॉन्टात असतात हे खरं. पण तो फॉन्ट नव्या मशीनमध्ये घालता येतो, आणि हे मी त्यांना कधीच सांगितलेलं आहे. "असेल," म्हणाले होते.

आता तुझ्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते. "ताई, ते मशीन मेलंय, तूच त्याला मरू देत नाहीस." ते मशीन मेलेलं नव्हतं, शेफाली. त्याच्या घशात अक्षता अडकल्या होत्या. तुझ्या.

दर खंडेनवमीला मी अण्णांचा कॉम्प्युटर उघडते. कॅबिनेटची बाजू काढायची, रंगाच्या मऊ ब्रशने पंखा झाडायचा, वायरी पुसायच्या, पुन्हा बंद करायचं आणि मग पूजा. हळदकुंकू मी समोर कागद ठेवून त्या कागदाला लावते. अण्णा दर वर्षी म्हणतात, "देव काय कागदाला पावणार आहे?" आणि मी दर वर्षी म्हणते, "आत कुंकू गेलं तर देवही दुरुस्त करायला येणार नाही." आमचा एवढाच विनोद. यंदा मला ताप होता म्हणून तू गेलीस, आणि साग्रसंगीत पूजा केलीस. वरून मूठभर अक्षता! अगं बाई, कॅबिनेटच्या डोक्यावर जाळी असते. दुसऱ्या दिवसापासून मशीन तापून आपोआप बंद पडायला लागलं, आणि तू निदान केलंस की म्हातारं झालंय.

मी जाऊन उघडलं तर पंख्याच्या पात्यात तांदूळ, कुंकवाने लाल झालेले. लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर तरी इतक्या नेमक्या पडतात का? चिमट्याने एकेक काढला. सुरू केलं तर बिचारं मुकाट्याने चालायला लागलं.

मला वाटलं, अण्णा तुझ्यावर वैतागतील. कुठलं काय! पोट धरून हसले. "शेफूने मशीनचं लग्न लावलं," म्हणाले. मग जिन्यात भेटेल त्याला तेच सांगत सुटले. मी एकदा, एकदाच, मशीनमधली जागा मोकळी करताना त्यांचं अर्धवट पत्र पुसलं होतं. त्यावर पुढचे कितीतरी रविवार "हं"च्या पुढे शब्द नाही.

असो. लॅपटॉप घेतलाच आहेस, तर तुझ्या तरी कामी येऊ दे. थोडं सांगून ठेवते, नाहीतर वर्षभरात त्याचाही खुळखुळा करशील. तो गादीवर ठेवून वापरू नकोस, खालची भोकं बुजतात आणि तो तापतो. अपडेट आलं की "नंतर, नंतर" करत बसू नकोस. जे दिसेल ते उतरवून घ्यायचं नाही, आणि घेतलंस तर काम झाल्यावर काढून टाकायचं. रिसायकल बिन म्हणजे माळा नव्हे, तीही रिकामी करावी लागते. आणि सगळ्या फायलींची एक प्रत बाहेर, पेन ड्राइव्हवर ठेवायची. हे काही मोठं शास्त्र नाही. रोजच्या केरवाऱ्यासारखं आहे, दिसत नाही, पण न केलेलं लगेच दिसतं. हे केलेलं न दिसणारं काम मी विमा कंपनीत नोकरीत असल्यापासून करते आहे. तिथे निदान लोक "मॅडम" तरी म्हणायचे.

अण्णांकडे काय होतं सांगू? मी रविवारी जाते. दार उघडतात आणि पहिलं वाक्य, "आज जरा आवाज करतोय गं." मी चपला काढायच्या आत ते मशीन सुरू करतात. "चहा हवा असेल तर करून घे, मलाही अर्धा कप टाक," म्हणतात. मी उघडते, झाडते, स्कॅन लावते. ते शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि पडद्यावरची हिरवी पट्टी सरकताना बघतात. दुपारी मी निघते तेव्हा म्हणतात, "चालतोय आता."

आणि तू जातेस तेव्हा? तू बडोद्याहून परत आलीस त्या महिन्यातली गोष्ट. मी वार चुकवून गेले होते. तू दिवाणावर पाय वर घेऊन बसली होतीस, आणि अण्णा गुडघा दुखत असताना स्वतः दोन जिने उतरून तुझ्यासाठी सुरळीच्या वड्या घेऊन आले होते. मशीन बंद होतं. तुला आत घेताना त्यांनी चालू पत्र अर्धं टाकून ते बंद केलं, हे तूच मला हसत हसत सांगितलंस. तू आलीस की ते कॉम्प्युटर बंद करतात आणि मी आले की सुरू करतात. हे मी अजून कोणाला बोलले नव्हते, ह्यांनासुद्धा नाही.

तू दूर होतीस तेव्हा वर्षावर्षात तोंड दाखवत नव्हतीस. आईच्या आजारपणात इस्पितळाचे जिने मी चढले. म्हणून मला काही बक्षीस नको होतं. पण कानामागून आली आणि तिखट झाली, असं आपली आई कोणाबद्दल म्हणायची ते तुला आठवत असेल. मी नाव घेत नाही.

हो, जळते मी. लिहूनच टाकलं, आता खोडणार नाही.

पण कान भरण्याएवढी मी हलकी नाही. लॅपटॉप का नको, ते तू त्यांनाच विचार. तुला सांगतील. तुला सगळंच सांगतात.

मेहुण्यांना नमस्कार.

ताई


धायरी
३ नोव्हेंबर २०२५

शेफाली,

या वेळी मायना घालत नाही. तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलले नाही, गॅसवर दूध आहे म्हणून ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

माझं पत्र वाचून तू तशीच उठून नवी पेठेत गेलीस आणि अण्णांना सरळ विचारलंस. हे तुलाच जमतं. मला त्या घरात पाणी मागायचं झालं तरी आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. आणि मग फोनवर रडत रडत तू मला त्यांचं उत्तर सांगितलंस. ते मी इथे पुन्हा लिहिते, कारण तेव्हापासून दुसरं काही डोक्यात शिरतच नाही.

"लॅपटॉपला उघडावं झाडावं लागत नाही ना? मग मंदाकिनी रविवारी येईल कशाला? तुझं निराळं आहे, तू गप्पा मारायला येतेस. तिला माझ्याशी काय बोलायचं असतं? ती मशीनसाठी येते. ते आहे तोवर येईल."

फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी नुसती उभी राहिले. ह्यांनी विचारलं, "कोणाचा होता?" म्हटलं, "शेफालीचा. अण्णा बरे आहेत." मग आत जाऊन दार लावून घेतलं आणि या वयात उशीत तोंड खुपसून रडले.

तुला वाटलं असेल, ताई खूश होईल. झाले. पण आधी काय वाटलं ते सांगू? आधी राग आला, तुझाच. हे त्यांनी मला सांगायचं, की तुला? इतक्या वर्षांचे रविवार मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर काढले. तेव्हा एक शब्द नाही. आणि तू जाऊन उभी राहिलीस तर घडाघडा बोलले. माझ्यावरची माया होती तीही तुझ्याच ओंजळीत घातली, आणि तू ती मला आणून दिलीस, शेजारच्यांकडचं विरजण आणून द्यावं तशी.

काल रविवार होता. गेले.

दार उघडलं. "आज जरा हळू चालतोय गं," म्हणाले. हळू वगैरे काही चालत नव्हता. मागच्याच आठवड्यात मी सगळं लख्ख केलं होतं. तरी मी कॅबिनेट उघडलं. धुळीचा कण नव्हता. मी पंख्यावरून ब्रश फिरवत राहिले आणि ते मन लावून बघत राहिले. आम्ही दोघं एका स्वच्छ पंख्याकडे असे बघत होतो, की तिसरं कोणी आलं असतं तर त्याने डॉक्टरच बोलावला असता.

मग मी हिय्या केला. म्हटलं, "अण्णा, मी मशीनसाठी येते असं वाटतं का तुम्हाला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नाही? मग कशासाठी येतेस?"

टोमणा नव्हता गं तो. खरंच विचारत होते.

आणि शेफाली, उत्तर माझ्या जिभेवर होतं. तू असतीस तर त्यांच्या गळ्यात पडली असतीस, "तुमच्यासाठी हो अण्णा, दुसरं काय!" म्हणाली असतीस आणि ते हसले असते आणि विषय गोड झाला असता. मी म्हटलं, "स्कॅन पुरा होऊ दे." एवढंच. ते म्हणाले, "हं." मग आम्ही हिरवी पट्टी बघत बसलो.

निघताना दारात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि तोच हात पुढे नेऊन कडी उघडली. मी थोरली लेक त्यांचीच आहे, यात शंका नको. दोघांनाही एकच रोग.

आता एक गोष्ट तुला कळायला हवी, कारण तू मला उगाच साधीभोळी समजत असशील. त्या जुन्या मशीनला सुरक्षेची अपडेट येणं गेल्या महिन्यापासून बंद झालंय. कितीही झाडलं तरी ते आता बिनकुलपाचं घर आहे. अण्णा त्यावरून पेपरांना मेल करतात, पेन्शनचं बघतात. लॅपटॉप हवाच, हे मला तुझ्या आधीपासून माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही. मशीन गेलं की माझा रविवार गेला, आणि मग ते घर सगळंच्या सगळं तुझं, या भीतीने. म्हणजे बघ, ते तिकडे फॉन्टचं निमित्त काढत होते आणि मी इकडे मूग गिळून बसले होते, दोघं एकाच गोष्टीसाठी. त्यात खोटी ठरलीस तू, जी एकटी सरळ वागत होतीस. त्याबद्दल माफ कर.

तेव्हा लॅपटॉप घेऊन ये. येत्या रविवारी तूही ये. फॉन्ट मी घालते, त्यांची सगळी पत्रं मी नव्यात आणते.

आणि माझं एक काम कर. तुझ्यापुढे पदर पसरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. ते मला तुझ्यामार्फत कळवतात, तर मीही तुझ्यामार्फतच कळवते. मी स्वयंपाकघरात चहा टाकायला जाईन, तेव्हा सांग त्यांना. म्हणावं, मंदा तुमच्यासाठी येते. पहिल्यापासून तुमच्यासाठीच येते. लॅपटॉपला काही करावं लागो न लागो, ती येणार.

पण सांगताना माझं नाव घेऊन सांग. "ताईने सांगायला सांगितलंय," असं स्पष्ट म्हण. तुझ्या लाडिक आवाजात, तुझं म्हणून नको सांगूस. नाहीतर हेही तुझंच बोलणं वाटेल त्यांना, आणि तुझ्यावरच खूश होतील.

तुझ्याआधी त्यांची असलेली,
मंदाकिनी