पियानोतला कापूस

वणी, ३ फेब्रुवारी २०२४

चि. ममतास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्राला उशीर झाला, रागावू नको. पियानो कसा बांधावा या घोरात आठ दिवस हातून एक अक्षर लिहून झालं नाही. तुझी आई कौसल्या खाणीच्या साहेबांकडे कामाला होती, बाईंनी जाताना तो तिलाच दिला. तिचा हात त्यावर बसलेला, म्हणून जीव घाबरतो.

आज सहा जणांनी परवेजच्या टेम्पोत चढवला. उभाच ठेवा, आडवा करू नका, मारेगावच्या रस्त्यानं हळू जा, असं मी इतकं बजावलं की परवेज माझ्या बहिऱ्या कानाशी ओरडला, काका, पोरीची पाठवणी करून राह्यले का!

घाटंजीच्या तुझ्या नव्या घरात तो नीट बोलला तरच मी राहायला येईन. पत्र परवेजच्याच हाती देतो.

तुझा बाबा,
उकंडा

घाटंजी, ४ फेब्रुवारी

ति. बाबांस ममताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पियानोला ओरखडाही नाही. पण वैष्णवीनं वाजवून पाहिला तर मुका! पोर रडायलाच आली. झाकण उघडलं तर आत कापूस ठासलेला, अन् त्यात आईनं शिवलेल्या गादीची चिंधी. बाबा, आपली गादी उसवली? मग निजता कशावर? कापूस काढल्यावर वाजला. तुमची नात म्हणते, आजोबांनी त्याले स्वेटर घातलं. आता हट्ट सोडा अन् या. माया आहे तशीच असू द्या.

आपली ममता

वणी, ८ फेब्रुवारी

चि. ममतास आशीर्वाद.

गादी मीच उसवली. धक्के बसले की तो आतल्या आत ओरडेल अन् ऐकणारं कोणी नसेल, असं वाटलं. खाणीतल्या सुरुंगांनी माझे कान नेले, तेव्हापासून तुझी आई वाजवायची अन् मी लाकडाला तळहात लावून बसायचो. शेवटी ती सगळ्यात जाड सूर दाबून ठेवायची. तो कोपरापर्यंत चढायचा, मग छातीत. डोळे मिटले की वाटायचं, कोळशाची गाडी दूर चालली आहे अन् आपण दोघं तिच्यात निजलो आहोत. ती गेल्यावरही तो सूर दाबला की ती पलीकडे बसलेली असायची.

एक काम कर. वैष्णवीला तो जाड सूर दाबायला सांग, अन् तू मागच्या खोलीत जाऊन भिंतीला हात लाव. भिंत थरथरली तर माझी खाट तिथेच टाक, अन् त्याच कापसाची गादी भर. नाही थरथरली तर तेही खरं लिही. गाठोडं बांधून बसलो आहे. फोनवर मला ऐकू येत नाही, तेव्हा पत्रानंच कळव, पण लवकर कळव.

उकंडा