धाकट्याची पाळी

प्रिय तिउर्मा,

नवं वर्ष लागलं असं सगळं गाव म्हणतं. आपल्या घरात ते अजून लागलेलं नाही. मासा मी केला होता, हळद आणि अंदालिमानचे तिखट दाणे घालून, तुला आवडतो तसा रस पार आटवून. कुणी हात लावला नाही, शेवटी डुकरांना घातला. तुझ्या ताटलीतला भातही तसाच गेला. हो, ताटली मांडली होती. बस मेदान शहरातून येऊन गेली तरी मी उठून बाहेर बघत होते, वेडीच आहे मी.

वर्षअखेरच्या उपासनेत त्या वर्षी वारलेल्यांची नावं वाचायचं काम कित्येक वर्षं तुझ्या बाबांचंच. त्यांचा तो खर्जातला आवाज तळ्यावरच्या होड्यांतही ऐकू जायचा. यंदा आपल्या धाकट्या तोगारच्या नावापाशी आले आणि आवाजच फुटेना. ओठ नुसते हलत होते. पाळकबाईंनी उठून पुढची नावं वाचली, घंटा वाजत राहिली. बाहेर पडताना तुझी आत्या मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "देवानं वाचाच नेली बघ. वाऱ्यात पोराला होडी घेऊन धाडणाऱ्याला आणखी काय मिळणार?" मी म्हटलं, "तुझी नेली असती तर मंडळीला जरा विसावा मिळाला असता, वन्सं." पण घरी येऊन चुलीपाशी रडले. कारण ती जे बोलली तेच तू त्याच्या शवपेटीपाशी बोलली होतीस. "प्रभुभोजन चुकू नये म्हणून पाळकबाईंना आणायला पाठवलंत. तुमच्या चर्चसाठी त्याला तुम्ही मारलंत, बाबा." तू गेलीस ती गेलीसच. त्या दिवसापासून त्यांनी प्रभुभोजन घेतलेलं नाही. मी घेते, पण घशाखाली उतरत नाही. येशूनं वादळाला गप्प केलं, हा धडा आता मला कुणी वाचून दाखवू नये. आमच्या तळ्यावर त्या दिवशी तो कुठे होता, एवढंच मला विचारायचंय.

बारा वाजता घंटा झाली, तसे आम्ही दर वर्षीसारखे पाळीपाळीनं माफी मागायला आणि आशीर्वाद द्यायला चटईवर बसलो. प्रार्थना झाली आणि मग सगळे गप्प. मला वाटलं, काय झालं? आणि एकदम लक्षात आलं, आम्ही तिघंही तोगारची वाट बघतोय. धाकट्यानं सुरुवात करायची ना! आठवतं, दर वर्षी तोच पहिला बोलायचा, "आई, तुझ्याशी खोटं बोललो, माफ कर. आणि देवा, दादाचं लग्न एकदाचं होऊ दे, म्हणजे माझी वाट मोकळी होईल." पार्लिन त्याला उशी फेकून मारायचा. यंदा पार्लिननंच घसा खाकरला, म्हणाला, "आई, मी बोलू का?" तेव्हा तुझ्या बाबांनी हात वर केला. कसाबसा आवाज काढून म्हणाले, "तिच्या आधी नाही." एवढंच. दहा महिन्यांत तुझ्याबद्दल काढलेले ते पहिले शब्द, पोरी. आम्ही पहाटेपर्यंत तसेच बसलो. माफी मागितली नाही, दिली नाही, आशीर्वाद नाही. तेव्हापासून घरात जुनंच वर्ष चालू आहे.

आता खरं सांगते. सांगू नको म्हणालेत. दया येऊन येणार असेल तर नको यायला, म्हणतात. त्यांचा आवाज दुःखानं गेलेला नाही. घशात गाठ आहे, वाईट आहे. पुढच्या बुधवारी मेदानला स्वरयंत्रच काढून टाकणार आहेत. डॉक्टर म्हणतात, जीव कदाचित राहील, आवाज नाही. बाप सगळ्यांच्या शेवटी बोलतो, हे तुला माहीत आहे. तू बोललीस की पार्लिन बोलेल, मग मी, मगच ते. माफ कर असं म्हणायला मी तुला बोलावत नाही. शवपेटीपाशी बोललीस तेच पुन्हा बोललीस तरी चालेल. पण चटईवर बसून, तुझ्या पाळीनं बोल. मग ते काय उत्तर देतात, ते मला त्यांच्या आवाजात ऐकायचंय. बुधवारच्या आधी ये.

अजून तिन्ही लेकरांची आणि तुझीच,
आई