सासऱ्यांच्या बागेचा ताण

७ डिसेंबर १९८६, रामाकोना

मामाजी, म्हणजे माझे सासरे, आज मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले. नंतर थोरल्या मेव्हण्याकडे विश्रांती. जाताना संत्र्याची बाग माझ्यावर सोपवली. म्हणजे तसे स्पष्ट म्हणाले नाहीत. बोलत होते माझ्या बायकोशी, वत्सलाशी; मी शेजारी उभा होतो. पण नजर माझ्याकडेच होती. (मोतीबिंदूमुळे नक्की सांगता येत नाही.)

काम सोपे आहे. आंबिया बहारासाठी (थंडी सरतानाचा फुलोरा) झाडांना ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचे. झाड उपाशी राहिले की घाबरून फुलायची तयारी करते. मग पाणी सोडले की फुलते. सोडायचे कधी, तर मामाजी वत्सलाला म्हणाले, "संक्रांतीच्या आगंमागं पाहात राहाजो. पानंच सांगते."

पाने सांगतात! मी सौंसरच्या हायस्कूलमध्ये सायन्स शिकवतो; मामाजी येईपर्यंत आमचा मुक्काम इथेच, शाळेत बसने. यंदा पानांना विचारायचे नाही, डायरेक्ट मातीला विचारायचे. लग्नाला बारा वर्षे झाली, मामाजींनी मला एकाही गोष्टीत सल्ला विचारलेला नाही. या बहारानंतर विचारतील.

१३ डिसेंबर

काम सुरू. बागेत हातभर खड्डा खणला. मातीचा गोळा वळून पाहिला, लाडवासारखा वळला. म्हणजे ओल आहे. पण अंदाजावर आपला विश्वास नाही. शाळेतून तराजू आणला होता. माती तोलली, सासूबाईंच्या तव्यावर भाजून कोरडी केली, पुन्हा तोलली. पाचातला एक भाग पाणी! झाडे जवळजवळ पाण्यातच उभी आहेत.

तव्याबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. या घरात जावयाच्या कामात कुणी बोलत नाही. समजूतदार माणसे. संध्याकाळी सासूबाई बाजारातून नवा तवा घेऊन आल्या.

१९ डिसेंबर

आज दहावीला "माती आणि पाणी" शिकवले. वाळूतले पाणी सटकून खाली जाते; चिकण काळ्या मातीत पाणी पुष्कळ राहते, पण मातीचे बारीक कण त्याला इतके घट्ट धरतात की शेवटी शेवटी मुळांना ते ओढता येत नाही. पाणी असते, पण झाडाच्या उपयोगाचे नसते. वर्ग अगदी शांत होता. असे शिकवणे हल्ली कुठे राहिले आहे?

घरी येऊन पुन्हा गोळा वळला. वळतो! पाणी भरपूर आहे. ताण अजून सुरूसुद्धा झालेला नाही.

४ जानेवारी १९८७

वत्सला म्हणाली, पानं मलूल दिसून राहिली. मी तिला गोळा दाखवला. ती गोळ्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त वेळ पाहत होती.

१४ जानेवारी

तिळगूळ. मामाजींचा सालदार शालिकराम टोपी काढून दारात उभा. "जावईबापू, मोटर लावू का जी?" मी त्याला ओट्यावर बसवून जमिनीतल्या ओलाव्याची सगळी थिअरी समजावली. तो मधूनमधून "हो जी" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "तुमी म्हणून राहिले तं बराबरच असन." सासूबाईसुद्धा आतून हेच म्हणाल्या. उताराला आपल्या खालच्या बागेचा मालक गुणवंता तिळगूळ द्यायला आला होता, तोही हेच म्हणाला. सर्वांचे एकमत. मोटर बंद.

२२ जानेवारी

पाने गळत आहेत. हे गैर नाही, झाडाने खर्च कमी केला आहे. दोन-तीन शेंडे वाळले. तेही खर्चातच धरावे.

२५ जानेवारी

वत्सला बागेतून रडत आली. म्हणाली, "आईले बोलता येत नाही, शालिकरामले बोलता येत नाही, तुमी जावई हा. मी तुमची बायको हाव. मोटर लावा." ही झाडे मामाजींनी ती लहान असताना लावली, ती कळशीने पाणी घालायची, वगैरे. इतकी चिडलेली मी तिला पाहिली नव्हती. थोडी भीती वाटली.

उद्या पाणी सोडणार. केवळ घरातल्या शांततेसाठी. थिअरी मागे घेतलेली नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन उरकून बागेत. जमिनीला भेगा पडल्या आहेत, पाय आत जाईल इतक्या. पाणी सोडले. आळ्यात पडले की गडप! शालिकराम तोंडाकडे पाहत राहिला. मी म्हटले, बघ कशी गटागटा पितात. आता फुलांचा पाऊस. मामाजींना पत्र टाकले की बाग उत्तम आहे, स्वागताची तयारी करतो.

२ फेब्रुवारी

रोज पाणी. रोज गडप. वीज असेपर्यंत मोटर चालते, विहीर तळाला गेली. फूल नाही. गोळासुद्धा आता नीट वळत नाही, फुटतो.

६ फेब्रुवारी

सकाळपासून संत्र्याच्या फुलांचा घमघमाट. धावत बागेत गेलो. आपल्याकडे एकही फूल नाही. वास खालून येतो आहे.

दुपारी गुणवंता आला, वाकून नमस्कार केला. त्याच्या बांधाशी ओल फुटली आहे म्हणे. आपले पाणी भेगांतून थेट खालच्या मुरमात, आणि मुरमावरून उतरत त्याच्या झाडांपाशी. "जावईबापू, यंदा माही मोटर लावाचं कामच नाही पडलं." अगदी मनापासून म्हणत होता, म्हणून जास्त लागले.

माझे पाणी, माझा ताण, आणि बहार गुणवंताचा. दहावीला मी जे शिकवले, की पाणी असते पण झाडाच्या उपयोगाचे नसते, ते माझ्या डोक्यातून असेच खाली निघून गेले. आज जेवण गेले नाही. खरे सांगायचे तर लाज वाटते आहे.

(मात्र मुरमाचा उल्लेख पुस्तकात नाही. ही पुस्तकाची चूक.)

१५ फेब्रुवारी

मामाजी आले. काळा चष्मा. डॉक्टरांनी उन्हात जाऊ नका सांगितले आहे, तरी चहासुद्धा न घेता बागेत. मी मागे. पायाखाली वाळकी पाने चुरचुरत होती. ते थांबले. एका झाडाच्या खोडावरून, मग दुसऱ्याच्या, हात फिरवत गेले. नखाने साल जराशी खरवडली, आत हिरवे आहे का पाहिले. वत्सलाला म्हणाले, "झाडं वाचतीन. बहार नाही." मग माझ्याकडे वळून विचारले, "शाळा कशी चालली जावईबापू?"

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

१८ फेब्रुवारी

आज आमचा निरोप. पाटावर बसवून कुंकू, नारळ, पँटपीस. मामाजी हात जोडून म्हणाले, "आता बगीच्याचा तरास तुमी घेऊ नका जी. पाहुणे म्हणून या, पुरणपोळी खा, आराम करा."

आणि सौंसरच्या बसपर्यंत स्वतः पोचवायला आले. डोळ्याचे ऑपरेशन झालेला माणूस, भर उन्हात! मी खिडकीतून हात केला. बस हलली तरी ते तिथेच उभे, वळणापर्यंत. मला अगदी भरून आले. वत्सलाला म्हटले, बघ, इतके होऊनही मामाजींचा किती जीव आहे माझ्यावर.

ती म्हणाली, "तुमी खरंच गेले का नाही, ते पाहून राहिले होते."