नाकाचा तुकडा

खडवली, २८ जानेवारी २०२५

चि. सौ. योगिनीस, मालनआत्याचे अ. उ. आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला, पण तू बोलत होतीस की कुकर शिट्ट्या देत होता ते कळलं नाही. कानातलं यंत्र नुसतं शीळ घालतं. तेव्हा आपलं पत्रच बरं. पस्तीस वर्षं चौथीच्या पोरांचं शुद्धलेखन तपासलं आहे, जपून लिही.

काम असं आहे. सोळा फेब्रुवारीला समृद्धी पाच वर्षांची होईल. संचिताच्या लग्नाचं ठरलंय हे तुला ठाऊक आहेच. माझा साईनाथ गेला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती, तिने जन्मभर माझ्या लेकाच्या नावाने बसून राहावं असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. माणूस भला आहे. पण मे महिन्यात तिघं बंगलोरला जातील. पोर चौदा महिन्यांची असताना बाप गेला. तिला ठाऊक असलेला बाप म्हणजे माझ्या भिंतीवरचा, हार घातलेला, ओळखपत्रासाठी काढलेला चेहरा. मागच्या खेपेला ती संचिताला म्हणाली की ते काका रागावलेत. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सोबत फोटो पाठवते. भातसा नदीवरचा आहे, केस ओले, उन्हाने डोळे बारीक केलेले आणि तोंडभर हसू. असा हसरा त्याचा हा एकच. तू केकवर फोटो छापतेस ना, तो खायचा कागद? हा छाप. जाण्याआधी तिने एकदा तरी बाप हसताना बघावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

फोटोला तेलाचा हात लावू नकोस. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
मालनआत्या

---

मानपाडा, डोंबिवली पूर्व, ४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास, योगिनीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोटो पोचला. मी तो हातमोजे घालून उघडला, आता तरी शाबासकी दे. शुद्धलेखनाचे मार्क मात्र कापू नकोस, इथे एका हाताने क्रीम फेटतेय.

काल छापून बघितला. साखरेच्या कागदावर रंग जरा तांबूस येतात, म्हणून दोनदा फिका करून घेतला. आता अगदी साईदादा दिसतो. मी नेहमी दोन कागद छापते, कारण मागचं प्लास्टिक सोडवताना हवा दमट असली तर कागद फाटतो आणि कोरडी असली तर तडकतो. एक केकवर जाईल, दुसरा पाकिटात बंद करून कपाटात राहील.

एक आधीच सांगते, रागावू नकोस. माणसं हौसेने फोटो छापून घेतात आणि सुरी हातात आली की सगळ्यांचे हात थांबतात. चेहरा कोणी कापत नाही. कडेकडेने केक संपतो, मधला चेहरा दोन दिवस फ्रिजमध्ये बसतो, त्याला पाणी सुटतं आणि मग कोणीतरी गुपचूप टाकून देतं. म्हणून मी फोटो एका बाजूला लावते आणि खाली रुंद पट्टी मोकळी ठेवते, सुरी तिथेच चालावी. तुझ्या केकलाही तसंच करीन. संचितावहिनीला मात्र आधी सांग गं, ऐन वेळी तिला धक्का नको.

त्या दिवशी माझ्या दोन ऑर्डरी आहेत, मला यायला जमणार नाही. आमचे हे माजिवड्याला संचितावहिनीकडे केक आणि दादाचा मूळ फोटो पोचवतील. तब्येतीला जप आणि तुझ्या लाडाची सावली आमच्यावर असू दे.

तुझी,
योगिनी

---

खडवली, २० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. योगिनीस, अ. उ. आ.

केक सुरेख झाला होता. तुझा काही दोष नाही हे पहिल्यांदा लिहिते, कारण पुढचं वाचून तू स्वतःला बोल लावशील.

संचिताला मी आधी सांगितलं नव्हतं. तिने झाकण उघडलं आणि आत खोलीत निघून गेली. पाच मिनिटांनी तोंड धुऊन आली. समृद्धी मात्र खूप वेळ बघत राहिली. हे कोण, म्हणून तिने विचारलं. हा तुझा बाबा, असं मी म्हटलं. तो हसतोय, असं ती म्हणाली. मी भरून पावले.

सुरी पट्टीवरच चालली. सगळ्यांना तुकडे दिले. मग पोर म्हणाली की मला बाबाचं नाक पाहिजे, आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने सरळ चेहऱ्यात बोट घातलं.

मी तिला मारलं गं. वाढदिवसाच्या दिवशी, पाच वर्षांच्या लेकराच्या हातावर फटका मारला. जोरात. हात क्रीमने भरलेला, ती ओरडून रडली आणि संचिताच्या मागे लपली. तिथून निघेपर्यंत ती माझ्याजवळ आली नाही. तिला दाखवायचा होता हसरा बाप आणि लक्षात राहिली मारकी आजी.

तू तेव्हा होतीस, तुला माहीत आहे. कोरोनाचा म्हणून हॉस्पिटलातून त्याला बांधूनच दिलं. चेहरा उघडू दिला नाही, मी पाया पडले तरी नाही. त्यानंतर चार वर्षांनी तो चेहरा समोर आला आणि त्यात बोट गेलं, ते मला सोसलं नाही. उरलेला भाग मी डब्यातून घरी आणला आणि देवापाशी ठेवला. सकाळी बघते तर मुंग्यांची रांग लागलेली. पुढचं लिहवत नाही.

आत्याला मनातून काढू नकोस.

मालनआत्या

---

मानपाडा, २६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास, शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून ओट्यापाशीच बसून रडले. आत्या, तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तू ओरडशील म्हणून साईदादानेच नको म्हटलं होतं.

२०२०च्या दिवाळीत मी हा प्रिंटर घेतला तेव्हा तो जोडून द्यायला दादाच आला होता. पहिला कागद कोणाचा छापायचा म्हणून त्याने मोबाईलवर स्वतःचाच फोटो काढला. छापून झाल्यावर मला कापायला धीर होईना. त्याने बोटाने स्वतःचं नाक खुडलं, तोंडात टाकलं आणि म्हणाला की योगे, मी तर गोड निघालो. मग दोन्ही कानही खाल्ले. हसून हसून आम्हाला ठसका लागला होता. सहा महिन्यांनी तो गेला. तेव्हापासून कोणाचाही फोटो छापताना मला ते नाक आठवतं.

पोरीला हे कोणी शिकवलेलं नाही. ती त्याचीच आहे.

दुसरा कागद मी दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून सोबत पाठवतेय. उन्हात ठेवू नकोस, पाकीट आधीपासून उघडू नकोस. काय करायचं ते तू ठरव. नारळाची वडी थाळीत थापलीस तर ती कोमट असताना वर अलगद चिकटेल. कोरड्या हाताने प्लास्टिक सोडव, ओढू नकोस.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

योगिनी

---

खडवली, ५ मे २०२५

चि. सौ. योगिनीस, अ. उ. आ.

संचिता आणि समृद्धी काल निरोप घ्यायला आल्या होत्या. दोन महिने कपाटातला कागद मी नुसता बाहेरून चाचपत होते. सकाळी वड्या थापल्या, कागद लावला. एका कोपऱ्यात फाटला, पण चेहरा शाबूत राहिला.

पोर दारातच उभी, हात पाठीमागे. तिचे ते पाठीमागे लपवलेले हात मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी तिला जवळ ये म्हटलं नाही. थाळी घेऊन खाली बसले, सुरी मीच घेतली आणि नाकाभोवती चौकोन कापला. तुकडा वाकडा आला. तो तिच्यापुढे धरला आणि तू लिहिलेली गोष्ट सांगितली, की तुझ्या बाबाने स्वतःचंच नाक खाल्लं होतं. आधी तिने आईकडे बघितलं. मग हळूच घेतला. कानांची गोष्ट ऐकून ती हसली, आणि योगिनी, हसताना तिचे डोळे तस्सेच बारीक होतात. मला हे माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं भिंतीकडेच बघत होते.

नदीवरचा फोटो तिच्या बॅगेत घातला. संचिताने तुमच्याकडेच ठेवा म्हटलं, मी ऐकलं नाही. दुसरा छापून पाठवू नकोस, मला नको आहे.

शेवटी थाळीत कपाळ उरलं. ते कोणी उचललं नाही. हॉस्पिटलच्या दारात त्याला आत नेताना मी शेवटचा हात ठेवला तो त्याच कपाळावर, तेव्हा ते तापाने भाजत होतं. गाडी वळल्यावर एकटी थाळीपाशी बसले आणि ते मी खाल्लं.

गोड होता गं माझा साई.

आता लोभ करायला जवळ तूच आहेस, तेवढा सांभाळ.

तुझी,
मालनआत्या